आरतीवाचून राहिलेली कॅसेट

तात्या गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने, सुनीलने केला, तेव्हा मी कँटीनमध्ये जेवत होतो. धक्का वगैरे बसला नाही. वय झालं होतं, आजारही लांबला होता. पण ताट तसंच ठेवून उठलो, एवढं खरं.

नव्व्याण्णव साली परभणीहून नोकरीसाठी आलो, तेव्हा पुण्याजवळच्या माणमध्ये तात्यांची खोली भाड्याने मिळाली. त्यांची भातखाचरं कंपन्यांच्या इमारतींखाली गेली होती आणि गोठ्याच्या जागी भाडेकरूंच्या खोल्या उभ्या होत्या. त्याआधी तात्यांची गोंधळाची पार्टी होती. संबळ तेच वाजवायचे, पुढचा आवाजही त्यांचाच. पार्टी फुटली, मागे उरल्या तीन कॅसेटी. घरमालकाचं मन राखावं म्हणून एका रविवारी त्यातली एक मागून घेऊन लावली. संबळ घुमायला लागला, आणि तात्या उंच, किंचित चिरक्या आवाजात गावोगावच्या देवांना नावं घेऊन गोंधळाला बोलावू लागले. मग कथा रंगली आणि ऐन भरात कॅसेट खटकन थांबली. तोच दारात तात्या हजर, डोक्याला टोपी.

"संपली न्हवं? सरक जरा."

माझ्या चटईवर उभं राहून, टाळ्या वाजवत त्यांनी अख्खी आरती म्हटली आणि चहाला न थांबता निघून गेले. माणूस जरा सटक आहे, अशी मी मनाशी नोंद केली.

खुलासा तात्यांच्या बायकोने, काकूंनी केला. "पुन्याला भरली ती कॅसेट. सगळ्या देवास्नी बोलावलं, आन् आरतीच्या टायमाला तितला मानूस म्हनला, टेप संपली, उठा. दुसरी पार्टी दारात हुबी. तिन्ही बारीला त्येच. देव बोलावल्यालं, आन् आरती करून माघारी लावून कुनी दिलंच न्हाई. आता कॅसेट वाजली की ह्ये पळत्यात."

पळायचे म्हणजे खरंच पळायचे. हॉटेलात कॅसेट लागली की भज्यांच्या कढईशेजारी आरती. उरवड्याच्या रस्त्यावर एकदा कॅसेट वाजवत चाललेला टेम्पो अडवून आरती... ड्रायव्हर बिचारा स्टेअरिंगला हात जोडून बसला होता. सुनीलला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हळूहळू गावाने तात्यांच्या कॅसेटी लावणंच सोडलं. ते मात्र त्यांना लागलं. "वाजवा की रं. शेवटाला मी हाय न्हवं," असं ते पोरांना सांगत फिरायचे. पोरं हसायची. मीही हसायचो.

त्यांना खरी धास्ती होती ती वेगळीच. कॅसेटी जत्रांतून खपलेल्या. कोळवणच्या पलीकडे, घाटाखाली, कुठल्या घरात वाजत असतील आणि देव ताटकळत बसले असतील, कुणास ठाऊक. म्हणून रोज दिवेलागणीला ओट्यावर बसून ते एक आरती म्हणायचे. "न ऐकू आलेल्यांची," म्हणायचे.

पुढे माझ्याकडे कॉम्प्युटर आला. म्हटलं, तात्या, शेवटी आरती जोडू, सीडी करू, तुमची कटकट मिटेल. ते चक्क चिडले. "बोलवायला यंत्र चाललं आमाला, हितंच चुकलं. लावून द्याया बी यंत्रच व्हय? पाव्हन्याला दारापत्तुर मानसानं जायाचं आस्तंय." मी पुष्कळ वाद घातला. पटलं नाही, पण त्यानंतर ते मला आवडू लागले. त्यांची खोली सोडल्यावरही मी सणासुदीला जात राहिलो, तो त्यांच्यासाठीच.

तेराव्याला गेलो. जेवणं उरकली होती. सुनीलने, का कोण जाणे, मोठा टेप बाहेर आणून ती कॅसेट लावली. तात्या तिकडे देवांना बोलावत होते. कथा रंगली, आणि खटकन थांबली. सगळ्यांनी एकदमच दाराकडे पाहिलं. मीसुद्धा. तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.

मग काकू उठल्या. आयुष्यभर या वेडाला नावं ठेवलेली बाई, कधी चारचौघांत गायली नव्हती. भिंतीचा आधार घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि आरती म्हणू लागल्या. सूर नाही, ठेका नाही, पण एक शब्द चुकला नाही. एकेका देवाचं नाव घेऊन, अक्षता टाकून त्याला त्याच्या ठिकाणी लावून दिलं. उरलेल्या अक्षता मुठीत धरून त्या तात्यांच्या फोटोपुढे गेल्या. अक्षता वाहून, जेवायला हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणाल्या,

"झाली आरती. आता तुमी बी निगा."