कोतवालाच्या झाडाखाली दहावा

गोडदेवला मुलाच्या खोलीसमोर बसून आम्ही दोघांनी करंदी (बारीक कोळंबी) सोलली. महाडहून एस.टी.नं आदल्या दिवशीच आलो होतो. निम्मी झाल्यावर ही म्हणाली, “जरा पडते, तुम्ही उरका.” उरलेली मी सोलली. ही उठली नाही.

दहाव्याला घोडबंदरला गेलो. खाडीकाठच्या बांधावर एकच मोठी बाभूळ, बाकी सगळं खाजण. सावली बघून भटजींनी तिच्याखालीच पिंडाचं पान मांडलं. समोरच्या तिवरांवर (चिखलातली झाडं) कावळे बसलेले, पण एकही येईना. ऊन चढलं. मुलानं हात जोडले.

“आई, बाबांना मी इथंच ठेवून घेतो.”

तरी नाही. मग माझ्याकडे वळला. “बाबा, तुम्हीच सांगा तिला, इथं राहतो म्हणून. त्यातच जीव अडकलाय तिचा.”

मला गावी जायचं होतं. आणि पिंडासमोर दिलेला शब्द मागं घेता येत नाही. मी वर बाभळीच्या शेंड्याकडे बघत राहिलो.

एक कावळा निघाला. बाभळीपाशी येतो न येतो तोच शेंड्यावरून दुभंगल्या शेपटीचा काळा पक्षी सुटला नि त्याच्या पाठीवर चोची मारत त्याला पार खाडीवर घालवून आला. खालच्या फांदीवर कबुतरासारखा होला मात्र खुशाल अंड्यांवर बसलेला.

मिठागरावरचा एक आगरी म्हातारा बांधावर विडी ओढत होता. “तिथं कावला न्हाय येनार,” तो म्हणाला. “कोतवालाची पिल्लं हायेत वर.”

“मग होल्याला कसा राहू देतो?”

“होला काय कोनाची पोरं खातो? त्याला फुकटचा राखनदार गावला. कावला दोगांचीबी खातो.”

मी पान उचललं.

“अहो, हलवू नका,” भटजी म्हणाले.

बांधाच्या टोकाला, उन्हात नेऊन ठेवलं. मागं वळलो तोवर कावळे उतरले होते.

“मामंजी, मनात काही बोललात का?” सुनेनं विचारलं.

“नाही.”

मुलगा खाडीकडे बघत राहिला.

तेरावा झाला नि मी महाडची एस.टी. धरली. घराचं कुलूप काढलं. हवं ते मिळालं. पण पान मीच हलवलं; कोतवालाला पिल्लं नसती, तर झाडाखालीच कावळा आपसूक आला असता का? हिचा जीव अडकला होता की नव्हता, ते आता कळायला मार्ग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला कार्ड टाकलं: पेरणी उरकली की येतो. किती दिवस, ते विचारू नको.