निळी टोपी

२००५ साल. माझं वय अठ्ठावन्न. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण कोल्हापुरात तीस वर्षं फोटोचं दुकान चालवलं होतं आणि त्याचा मला फार ताठा होता. फोटोला कोणी नावं ठेवली तर मी त्याच्या तोंडाला नावं ठेवायचो. "तोंड हाय तसंच येणार की," हे माझं ठरलेलं उत्तर. दुकानातले लोक हसायचे आणि मला वाटायचं आपण जिंकलो.

त्या वर्षी मी रोलचा कॅमेरा ठेवून डिजिटल घेतला. हौसेनं नाही, लग्नवाले सीडी मागायला लागले म्हणून. विकणारा शिकवायला बसला तर मी म्हटलं, "मला शिकवू नका, बटण कुठलं तेवढं सांगा." हॅलोजनच्या उजेडात फोटो पिवळे पडतात, एवढी एकच तक्रार मी त्याच्याकडं नेली. कॅमेऱ्याच्या आतल्या यादीत एक बल्बचं चित्र होतं, त्यावर त्यानं कॅमेरा आणून दिला. पिवळेपणा गेला. माझ्या स्टुडिओत बल्बचेच दिवे आणि लग्नं हॅलोजनखालची, त्यामुळं पुढं सहा महिने त्या चित्राला हात लावायची वेळच आली नाही. कॅमेऱ्यासोबतचं पुस्तक माझ्या सुनेनं वाचून काढलं होतं. ती बी.एस्सी. झालेली. एकदा म्हणाली, "मामा, यात उजेडाप्रमाणं बदलायचं असतंय." मी म्हटलं, "तू भाकरीकडं बघ."

दिवाळीनंतर नदीपलीकडचा एक गुऱ्हाळमालक दुकानात आला. गुजरातच्या एका नव्या व्यापाऱ्यानं त्याच्याकडं गुळाचे फोटो मागितले होते, कंप्युटरवरून पाठवायला. आमच्याकडं गूळ आधी डोळ्यानं विकला जातो, मग जिभेनं. रंग उजळ नसला तर चव कोणी विचारत नाही. मी कॅमेरा घेऊन दुपारच्या उन्हात गुऱ्हाळावर गेलो. डिजिटल घेतल्यापासून उन्हातलं हे माझं पहिलं काम.

तिथला गुळव्या गडमुडशिंगी गावचा, माझ्याच वयाचा. पाक काहिलीतून, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतून, कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. जरा चुकला तर सगळा रंग जातो. बावीस वर्षं तो त्याच काहिलीवर होता. फडक्यावर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मांडले होते, पिकल्या केळ्याच्या सालीच्या रंगाचे. त्यानं मला एक तुकडा खायला दिला. मग पिशवीतून धुतलेली पांढरी टोपी काढून घातली आणि म्हणाला, "पावणं, गुळाजवळ माझा बी एक काढा की." मी काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर उन्हामुळं काही दिसत नव्हतं, म्हणून बघितलाही नाही.

सीडी करून दिली, मालकानं फोटो धाडले. व्यापाऱ्यानं गूळ नको म्हणून कळवलं. चार दिवसांनी मालकानं मला गुऱ्हाळावर बोलावलं आणि छापून आणलेला फोटो समोर धरला. गूळ राखेत लोळवल्यागत दिसत होता.

"हा माझा गूळ हाय?" मालक म्हणाला.

त्या दिवशीचे रवे बाजारात गेले होते. शेजारी ठेवून बघायला काही उरलं नव्हतं. मला मात्र तो रंग आठवत होता, हे मी आज लिहून ठेवतो. पण भट्टीवरची सगळी माणसं हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघत होती आणि माझी जीभ सुटली.

"कॅमेरा नवा हाय. त्यो कशाला खोटं बोलंल? तुमच्या गुळव्याची नजर गेल्या, मालक. पाक जाळतोय त्यो."

गुळव्या काहिलीजवळच उभा होता. सावकाश म्हणाला, "फोटोवालं, त्या दिवशी तुम्ही तुकडा खाल्ला की. तवा न्हाय काय बोलला."

"तवा चव बघितली. रंगाचं कुणी इचारलं हुतं?"

दोघं-तिघं हसले. मालकाच्या मनात आधीपासून किडा होताच. गूळ आणखी पांढरा दिसावा म्हणून पावडर घाला असं त्याची पोरं म्हणायची आणि हा म्हातारा गुळव्या घालू देत नव्हता. माझ्या शब्दानं त्यांना आयतं कारण मिळालं. ऐन हंगामात मालकानं गुळव्याला घरी पाठवला. गुळव्याच्या नावावर एकदा पाक जाळल्याचा डाग पडला की दुसरा मालक त्याला काहिलीजवळ उभा करत नाही. हे मला तिथं बोलतानाही माहीत होतं.

आठएक दिवसांनी संध्याकाळी सून दुकानातल्या कंप्युटरवर लग्नाचे फोटो लावत होती. मधेच म्हणाली, "मामा, त्या गुऱ्हाळातल्या बाबांची टोपी निळी हुती काय?"

"पांढरी. का?"

"मग हितं निळी का दिसत्या?"

मी जवळ जाऊन बघितलं. टोपी निळसर. गुळाखालचं फडकं निळसर. मागची चुन्याची भिंतसुद्धा.

"सावलीनं दिसत असंल," मी म्हटलं.

तिनं उठून कॅमेरा घेतला, दारात गेली आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीचे दोन फोटो काढले, एक बल्बच्या चित्रावर आणि एक सूर्याच्या. पहिल्यात भिंत निळी, दुसऱ्यात पांढरी. मग मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. बल्बचा उजेड तांबूस-पिवळा असतो, दुपारच्या उन्हाचा तसा नसतो. आपले डोळे आपसूक सावरून घेतात, म्हणून आपल्याला टोपी कुठंही पांढरीच दिसते. कॅमेऱ्याला उजेड कसला आहे ते सांगावं लागतं. "तुम्ही त्याला बल्ब हाय म्हणून सांगितलं, त्यानं पिवळं मारायला निळं घातलं. ऊन हुतं, तर निळंच उरलं. आन् गूळ तर पिवळाच. त्याचा रंगच मारला त्यानं."

रोलवर हे कधी मला कळलंच नव्हतं. लॅबवाला छापताना रंग सुधारून द्यायचा आणि शाबासकी मी घ्यायचो.

मग तिनं गुळव्याचा फोटो परत उघडला आणि टोपी पांढरी होईपर्यंत रंग सरकवत नेला. टोपी पांढरी झाली, तसा गूळही बदलला. मी त्या दिवशी खाल्लेला गूळ होता तो. शेजारी तो माणूस छाती काढून उभा.

माझ्या तोंडातून पहिलं वाक्य आलं ते असं, "हे कुणाला बोलू नगंस."

सून कंप्युटर बंद करत म्हणाली, "मी कशाला बोलू? बोलायचं तर तुम्हाला हाय."

एवढं बोलून ती स्वयंपाकाला गेली. ज्या तोंडानं तिला भाकरीकडं बघ म्हटलं होतं, त्या तोंडानं मी रात्री तिच्या हातची भाकरी खाल्ली. मालकाला फोन करून कॅमेऱ्यात बिघाड होता असं सांगावं, हेही मनात येऊन गेलं. नंबर काढून ठेवला होता. पण बिघाड कॅमेऱ्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी गाडी काढून गडमुडशिंगीला गेलो. गुळव्या दारात म्हशीला वैरण टाकत होता. मी जे झालं ते सांगितलं. त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली नाही. शेवटी विचारलं, "मग काळा नव्हता न्हवं?"

"न्हाय."

"मला ठावं हुतं. पर मधी मधी मलाच वाटाय लागलं हुतं, नजर गेली का काय."

मी म्हटलं, गाडीवर बसा, मालकासमोर सांगतो. त्यानं मान हलवली. "मी संगं आलो तर काम मागाय आल्यागत दिसंल. तुमी एकटंच जावा."

तसाच नदीपलीकडं गेलो. काहिलीवर एक नवा पोरगेला गुळव्या होता. मालक खाटेवर चहा पीत होता. मी वाकून हळू आवाजात सांगायला लागलो तर त्यानं कप खाली ठेवला.

"मला न्हाय," तो म्हणाला. "मी एकटा हुतो व्हय त्या दिवशी? त्यास्नी सांगा जावा."

मी भट्टीकडं गेलो. उसाच्या मोळ्या टाकणाऱ्याला सांगितलं, उकळत्या रसावरची मळी काढणाऱ्याला सांगितलं. गूळ चांगला होता, मलाच कॅमेरा कळत नव्हता, असं एकेकाजवळ जाऊन म्हटलं. शेवटी काहिलीखालच्या चुलवाणापाशी खाली बसून जाळ घालणाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "व्हय काय," आणि उसाच्या चिपाडांचा पुढचा भारा आत ढकलला.