दोन मिनिटांच्या आत

मी कतारमध्ये एकोणीस वर्षं मिनीबस चालवतोय. आमची कंपनी खेळाडूंची ने-आण करते. हॉटेल ते मैदान, मैदान ते हॉटेल. फुटबॉलवाले दंगा करतात, पोहणारे सीटा ओल्या करतात, पळणारे गप्प बसतात. मला पळणारे बरे वाटतात.

त्यातली एक पोरगी नऊ वर्षं माझ्या गाडीत बसली. तिच्या देशात धड ट्रॅक नव्हता म्हणून दर हिवाळ्यात ती दोन महिने सरावाला इथं यायची. देश समुद्रातला, एवढुसा. आमच्या पाटण तालुक्यात त्याहून जास्त माणसं निघतील. ती आठशे मीटर पळायची, म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिल्याच वर्षी मी विचारलं, "दोनच? त्यासाठी एवढ्या लांब आलीस?"

"पहिली फेरी कोणीही पळतं," ती म्हणाली. "मी दुसरी शिकायला आलेय."

तिचं इंग्रजी तोडकं आणि माझं त्याहून तोडकं. मी सातवी पास. पण एवढं कळलं.

तिच्या देशात कुठल्याच बाईने आठशे मीटर दोन मिनिटांच्या आत पळून दाखवलं नव्हतं. तिला तेवढंच करायचं होतं. मेडल वगैरे ती कधी बोलली नाही. पहिल्या वर्षी ती इतकी मागे राहिली की पुढच्या शर्यतीच्या बायका येऊन उभ्या राहिल्या तरी हिचं पळणं चालूच. मग हळूहळू सेकंद कमी होत गेले. मोठ्या स्पर्धांना ती देशाचा झेंडा घेऊन जायची आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडायची. एक वर्ष टाच दुखावली, नुसती बर्फ लावून मागच्या सीटवर बसायची. सुट्टीच्या दिवशी पहाटे मी तिला शहराबाहेर दुखान गावाच्या बाजूला घेऊन जायचो. तिथे रस्ता मोकळा. ती पुढे पळायची, मी मागून दिवे लुकलुकवत गाडी हाकायचो. तिचा कोच माझ्या शेजारी बसून घड्याळ बघायचा. शेवटी ती दोन मिनिटं एक सेकंदावर येऊन अडकली, आणि तीन वर्षं तिथंच राहिली.

माझी बायको गावी होती. एकदा मी गाडीत बसून तिच्याशी व्हिडिओवर बोलत होतो, तर ही मागून डोकावली.

"अगं बया, कोण ही? किती वाळलीय!" बायको म्हणाली. "जेवलीस का गं?"

पोरीने अर्थ विचारला, मी सांगितला. ती खूप हसली. तेव्हापासून दर शर्यतीच्या आधी फोन लावायचा हे ठरूनच गेलं. बायको दरवेळी तेच बोलायची. "जेवलीस का? नीट पळ. पडू नगंस." बास. बायको मला 'अहो' म्हणते हे ऐकून पोरीला ते माझं नाव वाटलं. नऊ वर्षं तिने मला 'अहो' हाक मारली. रूमवरच्या पोरांना हे कळल्यावर ते माझ्या मागेच लागले. "अहो, भाजी आज तुमच्याकडं हाय, अहो." मी शिव्या घालायचो, पण तिला कधी सुधारलं नाही.

बायको नाचणीचे लाडू पाठवायची. गावाकडून कोणी येत असला की डबा त्याच्याकडे द्यायची, आणि मी एशियन टाउनात थिएटरसमोर जाऊन तो घ्यायचो. कोचने बाहेरचं खायला बंदी केलेली. पोरगी मागच्या सीटवर खाली वाकून खायची. बायको फोनवर विचारायची, "केली का दोन मिन्टं पोरीनं?" म्हैस व्याली का विचारावं तसं.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि आठवड्याने भावाचा फोन आला. "वहिनी सिरियस हाय. निघ."

आमच्याकडे लांबच्या माणसाला फोनवर गेली म्हणून सांगत नाहीत. माणूस तिकडे एकटा, कोसळला तर धरणार कोण, म्हणून सिरियस म्हणायचं. ऐकणाऱ्याने काय ते समजायचं. मी स्वतः दोघांना असंच सांगून विमानात बसवलंय. पण स्वतःवर आलं तेव्हा मला ते कळलं नाही. कळून घेतलं नाही, असंही असेल. तिचे गुडघे दुखायचे म्हणून जाता जाता नी-कॅप विकत घेतली. विमानात ठरवलं, कराडचे डॉक्टर नकोत, सरळ पुण्याला हलवू. गावात गाडी वळली, अंगणात माणसं बसलेली दिसली आणि मला बघून एकही उठला नाही. तेव्हा कळलं. माझ्यासाठी तिला बर्फाच्या पेटीत ठेवून थांबले होते. नी-कॅप खिशातच होती.

स्वयंपाकघरात लाडवांचा डबा होता. हिवाळ्यासाठी, पोरीसाठी, तिने करून ठेवलेला. तेरावं झालं आणि मी डबा घेऊन परत आलो. घरी कोणी नव्हतं, मुलगा पुण्यात. इथं निदान गाडी तरी आहे. भावाशी मात्र अजून धड बोलत नाही.

डिसेंबरात पोरगी आली. गाडीत बसता बसताच म्हणाली, "अहो, हे शेवटचं. टाच संपलीय. एक शर्यत इथं पळायची, मग घरी. शाळेत खेळाची बाई होणार." मग विचारलं, "आई कशी आहे?" माझ्या बायकोला ती आई म्हणायची.

"शेतात," मी म्हटलं.

दुसऱ्या वेळी नेटवर्क नाही म्हटलं. तिसऱ्या वेळी बहिणीकडे गेलीय म्हटलं. सहा आठवडे असं चाललं. तिचं पळणं होऊ दे, मग सांगू, असं मनात. डबा माझ्या सीटखाली. दिला तर सांगावं लागेल म्हणून दिलाही नाही.

शर्यतीच्या दिवशी दुपारी अल रय्यानच्या हॉटेलवर तिला घ्यायला गेलो. कोच पुढे गेला होता. ती बसली आणि म्हणाली, "लाव फोन."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सिरियस आहे. दवाखान्यात."

आमच्यातला कोणी असता तर खांद्यावर हात ठेवून गप्प झाला असता. ही गाडीतून खाली उतरली.

"मग तू इथं काय करतोयस?"

"ड्युटी."

"बायको सिरियस आणि ड्युटी? अहो, तू वेडा आहेस का? एअरपोर्टला चल."

"तुला उशीर होतोय."

"तिला उशीर होत नाही?" तिने फोनवर तिकिटं बघायला सुरुवात केली. "पासपोर्ट कुठंय?"

हॉटेलचा गार्ड आला. "यल्ला, गाडी काढ इथून." ती त्याच्यावरच ओरडली. तासाभरात तिला मैदानावर हजर व्हायचं होतं. ती बसायला तयारच नाही. मी जात नाही तोवर ती पळणार नाही म्हणाली, आणि ती बोलते तसं करते, हे मला नऊ वर्षांत माहीत झालेलं.

"ती मेली," मी म्हटलं. "सप्टेंबरात."

तिने फोन खाली केला.

"म्हणजे शेतात नव्हती?"

"नाही."

"बहिणीकडे?"

"तिला बहीणच नाही."

ती पुढच्या सीटवर येऊन बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुढे. मी गाडी काढली. सिग्नलला मी तिला विमानाचं सगळं सांगितलं, नी-कॅपचंही. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे कसं वाटतं ते तुला माहीत होतं," ती म्हणाली. "तरी मला तसंच केलंस."

गेटवर उतरताना ती म्हणाली, "मी परत आले की जे काय असेल ते सरळ सांगेन." आणि आत गेली.

मी पार्किंगमध्येच थांबलो. मनात एकच. नऊ वर्षं पोरीने सेकंद सेकंद जमवले आणि मी शेवटच्या दिवशी तिच्या डोक्यात मढं घातलं. ऊन उतरलं. बायकांच्या आठशेची घोषणा भोंग्यावर ऐकू आली. बंदुकीचा आवाज झाला तसं मी मोबाइलवर घड्याळ चालू केलं. एक मिनिट झालं. दीड झालं. दोन मिनिटांच्या आसपास आत मोठा गलका उठला, पण तो जिंकणारीसाठी की कोणासाठी, कसं कळणार? घड्याळ मी बंदच केलं नाही. तीन, चार, पाच मिनिटं पळत राहिलं.

नेहमी ती सावकाश यायची. त्या दिवशी लवकर आली, बूट हातात, मागून कोच. तिने दार उघडायच्या आधीच काचेतून सांगितलं, "दोन मिनिटं, शून्य सेकंद, बावीस शतांश. नाही झालं."

कोच म्हणाला, देशात आजवर कोणतीच बाई इतकी जोरात पळाली नाही, तिचंही हे सगळ्यात चांगलं. त्याचे डोळे लाल होते. ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

"थोडं तुझ्यामुळे," ती म्हणाली. "थोडं टाचेमुळे. आणि दुसऱ्या फेरीत पुढे घुसायला जागा मिळाली होती, तेव्हा मी घाबरले. ते माझ्यामुळे."

ती परत पुढेच बसली. म्हणाली, "लाडू आहेत?"

मी सीटखालचा डबा काढला. "खवट झाले असतील. तिने तुझ्यासाठी केलेले. शेवटचे."

तिने एक काढून खाल्ला. सावकाश, वाकून नाही, कोचच्या समोर. कोचने मागून हात पुढे केला. तिने त्यालाही दिला. मग एक माझ्यासमोर धरला.

"जेवलास का?" तिने मराठीत विचारलं. मीच तिला शिकवलेलं.

गावाहून आल्यापासून मी त्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. मी लाडू घेतला आणि खाल्ला. खवटच होता.