दोन ओळींची दुरुस्ती
कूलरमधल्या ओल्या खसचा, म्हणजे वाळ्याचा, वास आला, की मला अजून ती दुपार आठवते. झाशीतल्या आमच्या घरी, उन्हाळ्यातल्या त्या रणरणत्या दुपारी, फोटो सांभाळणाऱ्या एका मुक्त, म्हणजे कुणीही सुधारू शकेल अशा, सॉफ्टवेअरच्या माहितीपानावर मला चूक दिसली होती: आधी जुना संग्रह पुसा, मग त्याची प्रत काढा. मी क्रम बदलून दुरुस्ती पाठवली. तिथे दुरुस्त्या तपासणाऱ्या अनोळखी माणसाने विचारलं, "स्वतः करून पाहिलंत का?" करून पाहायला घरात एकच संग्रह होता, बाबांच्या मागे उरलेले त्यांचे फोटो. मी प्रत काढली, जुना संग्रह पुसला, प्रतीतून फोटो परत येऊ लागले, आणि लाइट गेली. इन्व्हर्टर भार न पेलून कुंईकुंई करायला लागला, म्हणून कॉम्प्युटर चालू राहावा यासाठी मी झोपलेल्या आईसमोरचा कूलर बंद केला. ती उठली. "काय गं, बत्ती गेली?" "आई, बाबांचे फोटो अर्धेच आलेत." तिने बिजना, आमचा विणलेला हातपंखा, उचलला आणि स्वतः घामाने निथळत तापलेल्या कॉम्प्युटरलाच वारा घालत बसली. फोटो आले, दुरुस्तीही स्वीकारली गेली. आता अशा दुरुस्त्या करताना सोबतचं कुणी म्हणतं, दोनच ओळी तर आहेत, टाक बदलून, करून कशाला पाहायचं. मला तेव्हा आईचा हात दिसतो, शेवटचा फोटो येईपर्यंत न थांबलेला.