बाबांची बिडी आणि माझा खोकला

बाबा बिडी ओढत होते तोवर बरे होते. सोडली आणि त्यांच्यासोबत एका घरात राहणं मुश्कील झालं.

आज त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली. अशा दिवशी लोक वडिलांबद्दल गोड लिहितात. मला आज ते जमणार नाही, सकाळपासून तेच दिवस आठवताहेत.

अकोला, जठारपेठ. एकसष्ट-बासष्ट साल असेल. मी आठ वर्षांची, आणि मला दमा.

बाबा वकील. आमच्या शेतकरी खानदानातले पहिले. अंगात काळा कोट आणि कोटाच्या खिशात बिडीचा कट्टा.

अमरावतीच्या एका डॉक्टरांनी मला तपासलं आणि बाबांना सांगितलं, घरातला धूर बंद करा.

बाबांनी दसऱ्याला बिडी सोडली. एकदम. गावभर सांगून.

आज याला क्रेव्हिंग म्हणतात. निकोटिन गम मिळतो, कौन्सेलिंग मिळतं. आमच्याकडे तेव्हा एकच शब्द होता, तलफ. आणि तलफ यायची बाबांना, शिक्षा व्हायची आम्हाला.

आईच्या डब्यातल्या लवंगा संपल्या. मग वेलदोडे. मग बडीशेप.

चहा गरम असला तरी कटकट, कोमट असला तरी कटकट.

एका पक्षकाराला तर "तुमची केस तुमीच लढा" म्हणून घालवून दिलं. बिचारा तारीख विचारायला आला होता.

एकदा आईने त्यांना भाजी आणायला पाठवलं. बराच वेळ झाला म्हणून ती बघायला गेली, तर हे एका अनोळखी माणसाच्या मागे मागे चालले होते. तो बिडी ओढत होता. भाजी काही आलीच नाही.

तेही आम्ही सहन केलं असतं. पण वकील ना ते. सोडलेल्या बिडीचीही केस लढायला लागले.

"आमच्या आबानं जनमभर चिलीम ओढली, त्याले काय झालं?"

"धुरानं कफ मोकळा होते म्हणते लोक."

आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "मले नका सांगू, डॉक्टरले सांगा."

मग कापसाचा सीझन आला. जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढणं, सुरू झालं की अकोल्याच्या हवेत रुईची कुसं उडायची आणि माझा खोकला वाढायचा.

बाबांना पुरावा मिळाला.

मी खोकले की बैठकीतून आवाज यायचा, "पाहा. बिडी बंद हाय तरी पोट्टी खोकूनच राहिली. मंग म्या सोडली काहून?"

एक दिवस आईला स्पष्टच म्हणाले, "संक्रांतीपर्यंत पाहतो. तोवर हिचा खोकला नाई गेला तं माही बिडी मले परत."

मी तिथेच पाटीवर गणितं करत होते. माझ्यादेखतच हे बोलणं झालं. बिडीच्या धुरात श्वास पुरत नाही म्हणजे काय होतं, हे मला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होतं.

त्या दिवसापासून मी घरात खोकले नाही.

बाबा रोज कोर्टातून आले की माझी उलटतपासणी.

"खोकली काय आज?"

"नाई."

"एकदाबी नाई?"

"नाई."

"बरं हाय मंग," म्हणायचे, आणि केस हरल्यासारखं तोंड पाडून बसायचे.

आठ वर्षांच्या मुलीला काय कळत नाही? मुलगी बरी होतेय, तर बाप नाराज. मला त्यांचा भयंकर राग यायचा. खरं सांगू, अजूनही येतो.

संक्रांतीला चार-पाच दिवस राहिले होते. रविवारची सकाळ. बाबा अंगणात पेपर वाचत होते, तोंडात पेन्सिल. शेजारच्या इंदूकाकू कुंपणापाशी आल्या.

"वकीलसाहेब, तुमच्या घरात पोरीले खोकाची बंदी हाय काय?"

"कोण म्हणते?"

"रोज दोन-तीनदा आमच्या घरी येते. मागच्या खोलीत बसून खोकते आन् चालली जाते. मी म्हटलं, काहून वं बाई? तं म्हणते, आमच्या घरी नाई जमत."

बाबांनी मला हाक मारली.

झालं, आता बिडी येणार, असं वाटून मी आधीच रडायला लागले. केस ते जिंकले होते. खोकला होता, आता साक्षीदारही होता.

"काहून जात होती तिकडे?"

"इथं खोकली तं तुमी बिडी ओढसान."

बाबांनी तोंडातली पेन्सिल काढून बाजूला ठेवली.

मग म्हणाले, "खोक. इथं खोक, माह्यासमोर."

आता असा सांगून खोकला येतो का? पण आला. आला तो थांबेचना. बाबा माझी पाठ चोळत राहिले. आई पाणी घेऊन धावत आली, तर कोमट का नाही आणलं म्हणून तिच्यावर खेकसले.

संक्रांत आली, गेली. बिडीचा विषय निघाला नाही. पुन्हा कधीच नाही.

स्वभाव मात्र तसाच राहिला. घरात सगळे धरून चालले की बाबा मुळातच चिडके.

माझा दमा वयाबरोबर पुष्कळ कमी झाला. लग्न झालं, मुलं झाली. बाबा सत्तरीचे असताना मी एकदा माहेरी गेले होते. दुपारचा चहा हातात देताना सहज विचारलं, "बाबा, तुमची ती बिडीची तलफ शेवटी गेली कधी?"

"गेली कुठी? आत्ता तू चहा आणला तवा आली होती."

पस्तीसेक वर्षं. रोज. आणि आम्ही नुसती चहावरची कटकट ऐकत होतो.

फार त्रास दिलात बाबा. एकदा तरी सांगायचं होतं, आम्ही उलट बोललो नसतो.

मनापासून नमस्कार तुम्हाला.