केरेन्सा पास्कोचा तक्ता

केरेन्सा पास्कोची सुई टोचलेली कळतसुद्धा नाही, असं इंग्लंडच्या टोकाला, पेन्झान्सच्या बाजूचा कुठलाही म्हातारा सांगेल. इस्पितळात रक्त काढायला पाच जणी होत्या, पण रांग लागायची ती हिच्याच खुर्चीसमोर. बाह्या वर करून बसलेले खलाशी दुसरी खुर्ची रिकामी दिसली तरी हलायचे नाहीत. इस्पितळातल्या नोकरदारांत मात्र तिचं नाव निघायचं ते तक्त्यापायी.

त्याचं असं झालं, की प्राणिशास्त्राची पदवी हातात पडल्यावर बाईंनी डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं. पदवीधरांना चार वर्षांत डॉक्टर करणारी कॉलेजं आहेत. त्यासाठी दिवसभराची एक परीक्षा द्यायची, मिळालेले गुण घेऊन ऑक्टोबरात फॉर्म भरायचा, आणि फॉर्मवर कॉलेजं भरायची फक्त चार. कुठलं कॉलेज किती गुणांपर्यंत मुलाखतीला बोलावणार, हे फॉर्म भरून झाल्यावरच कळतं. म्हणजे सगळा अंदाजाचा मामला. केरेन्साला अंदाज या गोष्टीची चीड. तिनं मागच्या कित्येक वर्षांचे आकडे खणून काढले आणि तक्ता मांडला. जिथं गुणांची रेघ खाली ती कॉलेजं हिरवी, जिथं वर ती लाल. दर सप्टेंबरात ती तो उमेदवारांच्या गप्पांच्या संकेतस्थळावर टाकायची आणि हजारोंनी लोक तो उतरवून घ्यायचे.

इस्पितळातल्या नर्सा, तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेवरची माणसं तर पत्रिका दाखवायला यावं तशी गुणांची चिठ्ठी घेऊन कॅन्टीनमध्ये तिच्यासमोर बसायची. ती बन खाता खाता चार नावं सांगायची. तिचं ऐकून सहा जण डॉक्टरकीला लागले. ती स्वतः चार वेळा आपटली होती. दर वेळी रेघ तिच्या गुणांच्या एक-दोन अंक वर जाऊन बसायची. दुर्दैव पाचवीला पुजलंय म्हणायचं, की आणखी काही, हे तिला उमगत नव्हतं.

तिच्या हातातले गुण एकसष्ट. या परीक्षेचे गुण दोन वर्षं चालतात, त्यातलं हे दुसरं. वय चौतीस. पुन्हा परीक्षेला बसायचं नाही, हे तिनं स्वतःशी ठरवलं होतं आणि वडिलांनाही सांगून टाकलं होतं. यंदा लागलं तर लागलं, नाहीतर जन्मभर सुई.

वडील, डेन्झिल पास्को, चाळीस वर्षं बांगड्याच्या मागं समुद्रात गेलेला माणूस. एका रविवारी चहा पिताना त्यांनी तक्ता हातात घेतला, चष्मा वर-खाली केला आणि विचारलं, की हे हिरवं सगळ्यांना दिसतं का? दिसतं म्हटल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला.

"पोरी, बांगडा कुठं लागला हे मी कधी गुत्त्यात बोललोय का? बोललो की सकाळी तिथं चाळीस होड्या. तू तर दरवर्षी दवंडी पिटतेस."

केरेन्सा उठलीच. जुने तक्ते काढून शेजारी शेजारी मांडले. म्हातारा बरोबर बोलत होता. तिनं ज्याला हिरवं रंगवलं, त्याची रेघ त्याच वर्षी वर. चार वर्षं ती स्वतःच्याच हातानं गर्दी बोलावत होती आणि मग त्याच गर्दीत चेंगरत होती.

आता उपाय सरळ होता. गप्प बसायचं आणि आपण मुकाट्यानं लाल कॉलेजं भरायची. दोन दिवस तिनं तसा विचार केलाही. पण हजार माणसं आपल्या शब्दावर फॉर्म भरणार आणि आपण मनात हसणार, हे तिला पचेना. मग तिनं तक्त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, की हिरव्याकडं यंदा झुंबड उडेल, जपून भरा. आणि टाकला.

"म्हणजे मासा कुठंय ते सांगितलंस, कुठं नाही तेही सांगितलंस," डेन्झिल म्हणाले. "मग तुझ्याकडं राहिलं काय?"

फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये लव्हडे आली. लव्हडे रुग्णवाहिका चालवायची, दोन पोरं होती आणि पहिल्याच प्रयत्नात अठ्ठावन्न गुण मिळाले होते. तिनं चारही हिरवी भरली होती. डोक्यावरची सूचना वाचली नाहीस का, असं केरेन्सानं विचारलं.

"एवढं कोण वाचतंय? मी रंग बघितले. तू काय भरलंस?"

"चारही लाल."

"अगं, लाल सगळी पार वर, लंडनच्याही पलीकडं. आणि हे जवळचं हिरवं दीड तासावर आहे. माझी पोरं इथं, तुझा म्हातारा इथं. निदान एक तरी माझ्यासोबतचं भर ना. लागलं दोघींचं, तर रोज एका गाडीनं जाऊ. तो रस्ता मला एकटीला नको वाटतो."

तक्त्याच्या हिशेबानं हा शुद्ध वेडेपणा होता. चारांतली एक जागा फुकट घालवायची, तीही शेवटच्या वर्षी. पण केरेन्साला लव्हडे मनापासून आवडायची. तिनं एक लाल खोडलं आणि ते जवळचं हिरवं लिहिलं.

डिसेंबरात रेघा जाहीर झाल्या आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. सूचना सगळ्यांनी वाचली होती. जो तो शहाणा होऊन हिरव्याकडून लाल कॉलेजांकडं पळाला होता. लाल कॉलेजांच्या रेघा अडुसष्टावर गेल्या. केरेन्साची तिन्ही लाल एका आठवड्यात बुडाली. हिरव्याकडं शुकशुकाट, आणि जवळच्या कॉलेजची रेघ उतरून सत्तावन्नावर. दोघींना मुलाखतीची बोलावणी आली.

मुलाखतीला दोघी एकाच गाडीनं गेल्या. हेच कॉलेज का निवडलंत, असं केरेन्साला विचारलं. पाच वर्षं घोटलेलं उत्तर जिभेवर होतं. तिनं खरं सांगितलं, की मैत्रिणीला सोबत हवी होती. समोरच्या तिघांतली एक बाई हसली आणि तिनं काहीतरी टिपून घेतलं.

मे महिन्यात निकाल आला. केरेन्साचं नाव लागलं. लव्हडेचं नाही.

केरेन्सा रुग्णवाहिकेच्या आवारात गेली तेव्हा लव्हडे गाडीच्या पायरीवर फोन घेऊन बसली होती. स्वतःचा निकाल तिनं वाचला होता, केरेन्साचा चेहरा बघून दुसराही ओळखला. इतका आनंद आणि इतकी शरम केरेन्साला एकाच वेळी कधी झाली नव्हती. ती शेजारी टेकली.

"तुझंही नाव लागलं नसतं ना, तर मी घरी जाऊन रडले असते," लव्हडे म्हणाली. "आता इथंच रडते. तू आहेस म्हणून."

आणि ती रडली, केरेन्साच्या खांद्यावर, चांगली पाच मिनिटं. मग नाक पुसून म्हणाली, की माझे गुण अजून एक वर्ष चालतात, तेव्हा पहिल्या वर्षाच्या तुझ्या वह्या माझ्यासाठी नीट ठेव, आणि यंदा तक्त्यावर काय लिहिणारेस ते मला सांगूसुद्धा नकोस.

"मग भरणार कसं?"

"तू जिथं जातेस ते पहिलं," लव्हडे म्हणाली. "बाकीची तीन बघू."