हरिश्चंद्र घागांची घाई

हरिश्चंद्र घागांच्या पायाला कायमची भिंगरी. भाईंदर पश्चिमेला रिक्षा नीट थांबायच्या आत उतरणारे गृहस्थ! वीज कंपनीतली नोकरी संपली, घाई काही संपली नाही. एकुलती एक लेक सलोनी विमान चालवायला शिकतेय, हे त्यांनी पार शेजारच्या मोरवा गावापर्यंत सांगून ठेवलेलं. ती एकटीने उडणार म्हटल्यावर अर्धी सोसायटी गाडीत कोंबून ते नाशिकपलीकडच्या, ती शिकत होती त्या धावपट्टीवर हजर झाले.

सलोनीच्या आधी एका मुलाचं विमान खाली आलं आणि चाकं न टेकवताच पुन्हा वर गेलं. "नापास!" घागांनी टाळी वाजवली. कुंपणापाशी सगळे खो खो हसले. सलोनी शेजारीच उभी होती.

मग तिची पाळी आली. उतरताना वेग फार, अर्धी पट्टी मागे पडलेली, तरी तिने विमान खाली दाबलंच. ते आपटलं, उसळलं आणि पुढचं चाक मोडून गवतात घुसलं. खांद्याचं हाड मोडलं, पण पोरगी वाचली.

घरी आल्यावर घाग ज्याला त्याला सांगत, "वारा फिरला हो ऐन वेळी!" एकदा सलोनीने त्यांना चारचौघांत अडवलं.

"वारा नव्हता, पप्पा. चूक माझी. परत वर जायला हवं होतं. फिरून येऊन नीट उतरता येतं."

"मग गेली का नाहीस?"

"तुम्ही कुंपणापाशी होतात. म्हणाला असतात, जमलं नाही हिला."

घागांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण अगदी तेच म्हणालो असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हाड जुळल्यावर सलोनी परत गेली. आज ती पुन्हा एकटी उडणार होती आणि "या वेळी कोणी येऊ नका," असं तिने बजावलं होतं. घाग सकाळपासून येरझारा घालत होते. टीव्ही लावला, बंद केला. पोहे तसेच गार झाले.

"अहो, बसा की एका जागी! माझ्याच छातीत धडधडायला लागलंय," बायको, विमलाबाई, करवादली.

"बसतोय ना," म्हणत ते जिना उतरून खाली गेले.

गेटपाशी फोन वाजला. "पप्पा, उतरले."

"नीट?"

"एकदम. पहिल्यांदा वेग जास्त वाटला, म्हणून परत वर गेले. मग फिरून आले."

घाग मटकन पायरीवर बसले. इस्त्रीवाला बंटी धावत आला. "क्या हुआ अंकल? लँडिंग हो गया?"

"हो गया रे!" घागांना रडू आवरेना. "पहली बार में नहीं जमा उसको!"

आणि उठून, पहिल्यांदा जमलं नाही माझ्या सलोनीला, असं ते दारोदार सांगत सुटले.